बाळंतिणीला सांगितलेला सिनेमा

तो सिनेमा मी सुरुवातीपासून बघितला नाही आणि शेवटपर्यंतही बघितला नाही. त्याचं नाव मला आजतागायत माहीत नाही. तरी दोन उन्हाळे उलटले, तो डोक्यातून जात नाही. बायको म्हणते, अर्धाच बघितला म्हणून जात नाही. असेलही. पण तो अर्धा मी बघितला कमी आणि सांगितला जास्त, ही त्यातली अडचण.

आमच्या घरात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडं आहे. मुरुमला माझं खताचं आणि बी-बियाण्याचं दुकान आहे. तिथं मालापेक्षा गप्पा जास्त खपतात असं बाजारपेठेतलं मत. घरी पाव्हणे आले की मी भावकीतला एखादा किस्सा काढणार, ऐकून पाठ झालेले लोक तो मुकाट्यानं पुन्हा ऐकणार आणि बायको चहाच्या निमित्तानं आत जाणार, ही ठरलेली रीत. माझी एक खोड आहे. माझ्या गोष्टीत कुणी मरत नाही. लेक लहान असताना आमच्या म्हशीचं रेडकू गेलं. मी तिला सांगितलं, ते तेरला, मामाच्या गावाला चरायला गेलंय, नदीकाठचं गवत खाऊन धष्टपुष्ट होणार आहे. पुढं कित्येक वर्षं मामा आला की ती त्याला रेडकाची खुशाली विचारायची आणि मेव्हणा बिचारा माझ्याकडं बघत सांगायचा, "मजेत आहे." तिचं लग्न ठरलं तेव्हा कळलं की तिला पहिल्याच दिवसापासून खरं माहीत होतं. "तुम्ही एवढं मन लावून सांगितलं होतं पप्पा," ती म्हणाली, "मला मोडवेना."

हीच लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. जावई पुण्यात नोकरीला. मुलगी झाली. दवाखान्यातून दोघींना घरी आणलं आणि त्या दिवसापासून घराचा कारभार माझ्या आत्याच्या हातात गेला.

आत्या अणदूरची. अंगानं किरकोळ, आवाजानं पहिलवान. भावकीतल्या कितीतरी बाळंतिणी तिनंच उठवून बसवल्यात. ती आली ती दोन पिशव्या घेऊन. एकीत तिची लुगडी, दुसरीत ओवा, बाळंतशेपा, डिंक आणि कडुलिंबाचा पाला. आल्या आल्या तिनं मधली खोली ताब्यात घेतली. खिडकीच्या फटींत जुनी पातळं कोंबली. चुकून कुणाचा हात लागायला नको म्हणून पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी लावली. दाराला पडद्यासारखी जाड गोधडी टांगली, उंबऱ्याशी पाण्याचा तांब्या आणि लिंबाची डहाळी ठेवली, बाजेखाली गोवऱ्यांचा विस्तव सारला. लेकीच्या कानाला फडकं, कमरेला पट्टा, पायात मोजे. आणि बाहेर रस्त्यावरचं डांबर उन्हानं पातळ झालेलं.

"आत्या, उन्हाळा आहे," मी म्हणून बघितलं.

"तुझ्या जल्माच्या येळी बी उन्हाळाच हुता. तुझी आई काय इरघळली न्हाय. बाळंतिणीला वारं बसलं तर जलमभर कंबर धरून बसंल. आन बापयानं ह्यात पडू नये."

मी पडलो नाही. खोटं कशाला बोलू, मला जरा बरंच वाटलं. बायकांच्या कामातून हाकलून दिलेल्या पुरुषाला जे सुख मिळतं ते मी उपभोगत होतो. दुकानातून यावं, गोधडीबाहेर उभं राहून "काय गं, बरी आहेस ना?" म्हणून विचारावं, आतून "हूं" आलं की कर्तव्य संपलं.

आत्याची कलमं पुष्कळ होती. गार पाणी नाही. वाचायचं नाही, टीव्ही नाही, मोबाइल नाही. ओल्या बाळंतिणीचे डोळे कच्चे असतात. संध्याकाळी जावयाचा फोन आला की आत्या स्वतः मोबाइल हातात धरून लेकीच्या तोंडापासून वीतभर लांब ठेवायची आणि दोघांचं बोलणं ऐकत बसायची. तेवढ्यात जावई "जेवलीस का?" एवढंच विचारू शकायचा. पाणी पुजल्याशिवाय खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही, म्हणजे सव्वा महिना. आणि रडायचं तर बिलकूल नाही, रडलं की दूध आटतं. म्हणून बाळंतिणीच्या कानावर वाईट काही पडू द्यायचं नाही. हे शेवटचं कलम माझ्या फार आवडीचं. त्या बाबतीत आत्या आणि मी एका पक्षाचे.

लेक माझ्यावर गेलेली. लहानपणी तिला गप्प बसवायला शाळेत बाईंना जागा बदलावी लागायची. पण दवाखान्यातून आल्यापासून ती बोलत नव्हती. विचारलं तर "हूं", नाहीतर "नको". मी गोधडीबाहेरून माझे हमखास किस्से सोडले. आतून आत्या हसायची, लेक नाही.

एके दिवशी बायको मला चुलीमागं ओढून म्हणाली, "अहो, ती बाळाकडं बघत नाही."

"म्हणजे?"

"पाजते. पण भिंतीकडं बघत पाजते. बाळी रडली तर आत्यांकडं बघते, तुमचं कुणीतरी रडतंय म्हणून."

आत्याला विचारलं तर ती म्हणाली, "थकलीया. रगत गेलंय. डिंक पोटात जाऊ दे, आपसूक बोलंल." मला तेच ऐकायचं होतं. मी बायकोला तेच पुन्हा सांगितलं, वर दोन उदाहरणं जोडली. त्यातलं एक जागच्या जागी बनवलेलं होतं.

मग ती दुपार आली. लग्नसराई होती. बायको एका जवळच्या लग्नाला अक्षता टाकायला गेली होती. उन्हाळ्यात बियाणं कोण घेतो, म्हणून मी दुकान ओढून घेतलं आणि घरी येऊन टीव्हीपुढं आडवा झालो. आवाज बारीक ठेवला. मधल्या खोलीतून ओव्याचा धूर येत होता. चॅनल बदलता बदलता एका सिनेमावर थांबलो. थंड देशातला होता, माणसं गोरी, बोलत होती हिंदीत. एक बाई, तिची पाच-सहा वर्षांची मुलगी, आणि एक म्हातारं जोडपं. बाहेर नजर जाईल तिथपर्यंत बर्फ. मी लावला तेव्हा गोष्ट बरीच पुढं गेली होती, पण थोड्या वेळात अंदाज आला. बर्फात वाट चुकलेल्या या दोघींना म्हातारा-म्हातारीनं घरात घेतलं असावं, आणि मग जाऊच दिलं नसावं. माळ्यावरची खोली. म्हातारी रोज वाफाळतं सूप आणायची, स्वतः विणलेले स्वेटर आणायची, मुलीचे गाल कुरवाळायची आणि जाताना बाहेरून कडी घालायची.

"पप्पा, काय लावलंय?"

आवाज इतक्या दिवसांनी आलेला की मला वाटलं टीव्हीतूनच आला. मी उठून बसलो.

"सिनेमा आहे. इंग्रजी. हिंदीत बोलतायत."

"सांगा की."

लेकीनं आपण होऊन काही मागितलेलं. मला इतका आनंद झाला की मी खुर्ची ओढून गोधडीला टेकवली, एक डोळा टीव्हीवर.

"काय नगं सांगू," आत आत्या बाळीला मांडीवर घेऊन बसली होती. "पडू दे तिला." मग थोड्या वेळानं, "मारामारीचा हाय व्हय?"

"नाही आत्या, घरगुती आहे."

इथून माझी गाडी सुरू झाली. एक बाई आहे आणि तिची गोड मुलगी. एका म्हाताऱ्या जोडप्याकडं पाव्हण्या आल्यात. म्हातारी फार प्रेमळ. सारखी खायला घालते. बाहेर बर्फ काय सुंदर पडलंय म्हणून सांगू. टीव्हीवर कडी वाजली.

"हे काय?" लेक.

"दार लावलं. थंडी आहे ना."

"बाहेरून लावलं."

"तुला कसं कळलं?"

"पावलं आधी बाहेर गेली. मग कडी वाजली." थोडं थांबून ती म्हणाली, "दिवसभर पडून असलं की माणूस आवाजच ऐकतो."

मी म्हटलं, तिकडं तशीच पद्धत असेल. आणि पुढं सरकलो. बाई दार हलवून बघत होती, मी सांगितलं ती कपाट आवरतीय. बाईनं खिडकीच्या काचेवर कपाळ टेकवलं, मी सांगितलं ती बर्फ बघतीय. म्हातारा जिन्यात बंदूक पुसत बसला होता, त्याला मी सरळ गोष्टीतून वगळलं. आतून आत्या मध्येच विचारायची, "मालक कुठं हाय तिचा?" मी म्हणायचो, "नोकरीला." "पुण्याला?" "तसंच काहीसं."

मग तो प्रसंग झाला. पडद्यावर बाई म्हातारीचे हात धरून रडत होती, आम्हाला जाऊ द्या म्हणत होती. म्हातारीनं तिच्या खांद्यावर शाल घातली आणि मायेनं म्हणाली, "बाहर बहुत ठंड है बेटी. तुम्हारे भले के लिए ही कहती हूँ." नेमकं त्याच वेळी आत लेकीनं अंगावरचं पांघरूण सारलं असावं, कारण आत्या म्हणाली, "हात भाईर काढू नगंस. वारं हाय. तुझ्याच भल्याचं सांगतीया म्या."

लेक हसली. कोरडं, तुटक, खोकल्यासारखं. आल्यापासून पहिल्यांदा हसली होती. मला बरं वाटायला पाहिजे होतं. माझ्या अंगावर मात्र त्या उन्हात काटा आला.

"काय झालं गं हसायला?" आत्यानं विचारलं.

टीव्हीवर आता काहीच घडत नव्हतं. बाई भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली होती. मुलगी तिच्या बाहीला ओढत होती, हाका मारत होती, कागदाचं काहीतरी करून तिच्या डोळ्यांपुढं नाचवत होती. बाई बघत नव्हती. डोळे उघडे, पण मागं माणूस नसल्यासारखे. संगीत नाही, बोलणं नाही.

"आता काय चाललंय?"

"वेणी घालतीय पोरीची," मी म्हणालो. "गाणं म्हणतीय."

"गाणं ऐकू येत नाही."

"मनातल्या मनात म्हणतीय."

मग आतून अगदी शांतपणे, "पप्पा, रेडकासारखं सांगू नका."

मी गप्प झालो. माझ्यासारख्याला गप्प करायला एवढं एकच वाक्य या जगात होतं, आणि ते तिच्याकडं होतं.

"त्या बाईला ती पोरगी आवडते का?" तिनं विचारलं.

"हे काय विचारणं झालं? आईच आहे ती."

"मला काही वाटत नाही पप्पा."

"कशाचं?"

"बाळीचं. काहीच वाटत नाही. कुणीतरी सांभाळायला ठेवून गेल्यासारखी वाटते. रडायला लागली की वाटतं, हिची आई कुठं गेली? अजून कशी येईना?"

"शिव शिव शिव," आत्या म्हणाली. "असं तोंडातनं काढू नगंस. लेकरू ऐकतंय."

टीव्हीवर जाहिरात लागली. कपडे धुवायच्या पावडरीची. एक बाळ खिदळत होतं आणि त्याची आई पांढऱ्याशुभ्र साडीत त्याच्यामागं पळत होती. माझ्याकडं शंभर उत्तरं तयार होती. होतं असं, जाईल निघून, डिंकाचे लाडू खा. एकसुद्धा तोंडातून बाहेर येईना. शेवटी मी जे येत होतं ते सांगितलं. म्हणजे सिनेमाच सांगितला.

"वेणी घालत नव्हती ती," मी म्हणालो. "भिंतीला टेकून बसली होती. पोरगी हाका मारतीय आणि ही ओ देत नाही. दोघींना कोंडून घातलंय त्या घरात. कपाट आवरत नव्हती, दार उघडतंय का बघत होती. म्हाताऱ्याकडं बंदूक आहे."

"आरं गप!" आत्या.

"बोलू द्या आज्जी. मग काय केलं तिनं?"

"काही नाही. बसून राहिली."

"आणि पोरगी?"

"हाका मारून दमली. मग तिच्या पायावर डोकं ठेवून झोपली."

"बाईनं पाय काढून घेतला?"

"नाही."

"हात ठेवला तिच्या डोक्यावर?"

इथं मला थांबावं लागलं. 'ठेवला' म्हणायला काय लागतं? जीभ तयारच होती.

"नाही," मी म्हणालो. "नुसती बसली. पाय तेवढा हलवला नाही."

आणि लेक रडायला लागली. मोठ्यानं, लहानपणी रडायची तशी, नाकातोंडातून. आत्या ओरडत होती, रडू नगंस, दूध आटंल, आणि बाळीनंही सूर धरला. मी उठलो आणि गोधडी बाजूला केली.

त्या खोलीत मी तोवर पाऊल टाकलेलं नव्हतं. उजेडातून अंधारात आल्यामुळं आधी काही दिसेना. धूर डोळ्यांत गेला. उष्मा असा की दुकानाच्या मागच्या पत्र्याच्या गोदामात वैशाखात असतो. मग बाज दिसली, आणि फडक्यात बांधलेला चेहरा. मी शपथेवर सांगतो, आत्ताच टीव्हीवर बघितलेला चेहरा होता तो. ती गोरी, ही सावळी; तिथं बर्फ, इथं विस्तव. चेहरा तोच. आणि मी त्याच्या पलीकडं भिंतीएवढ्या अंतरावर बसून रोज "बरी आहेस ना?" विचारत होतो.

"भाईर हो! वारं आत यील!"

"येऊ द्या, आत्या," मी म्हणालो.

आयुष्यात आत्याला उलटून बोललेलं हे माझं पहिलं वाक्य. ते मी हातात टीव्हीचा रिमोट धरून म्हणालो, त्यामुळं त्याला कितपत वजन आलं असेल सांगता येत नाही.

"मला बाहेर बसायचंय," लेक म्हणाली. ती उठून उभी राहिली होती. झोक जात होता. आत्या बाळीला घेऊन दाराशी आली आणि उंबऱ्यात उभी राहिली. एवढीशी बाई, पण दार भरलं. ती लेकीच्या तोंडाकडं बघत राहिली. तिला काय दिसलं मला तेव्हा कळलं नाही. मग ती बाजूला सरकली.

"पायात चपला घाल," म्हणाली. "फरशी गार आसंल."

फरशी तव्यासारखी होती. लेकीनं चपला घातल्या.

अंगणात लिंबाच्या सावलीत पायरीवर ती बसली. कानाचं फडकं सोडलं, मोजे काढले. गरम वारा होता, धूळ होती, समोरच्या घराच्या पत्र्यावर कावळा नखं वाजवत होता. ती नुसती बसली. बाळी आत रडत होती. आत्यानं तिला दाराशी आणलं, "घे, भुकावलीया." लेकीनं हात पुढं केला नाही. आत्यानं माझ्याकडं बघितलं. मग मी घेतली. नात एवढ्या दिवसांची झाली तरी मी तिला घेतलं नव्हतं. बापयाचे हात राठ असतात असं एक कलम होतं. मी तिला खताच्या गोणीसारखी दोन्ही हातांवर आडवी धरून उभा.

लेक कितीतरी वेळ आमच्या दोघांकडं बघत राहिली.

"मानेखाली हात धरा," ती म्हणाली. "पडेल ती."

मी धरला.

"नाक तुमचं आलंय तिला," ती म्हणाली. "बिचारी."

एवढंच. घेते म्हणाली नाही. पण मी तिथंच पायरीवर टेकलो, आणि बाळी माझा शर्ट ओला करून गप्प झाली. आत टीव्ही चालूच होता. खिडकीतून म्हातारीचा आवाज येत होता, एकदा बंदुकीचा बार झाला, कुणीतरी किंचाळलं, मग बराच वेळ नुसता वारा. आम्ही तिघंही ऐकत होतो आणि कुणीच आत गेलं नाही. मी उठलो तेव्हा तिथं दुसराच कार्यक्रम लागला होता.

बायको लग्नाहून आली, भरजरी साडीतच. बाळंतीण अंगणात, बाळ माझ्याकडं, आत्या उंबऱ्यात. तिनं कुणाला काही विचारलं नाही. म्हणाली, "उद्या उमरग्याला डॉक्टरीणबाईंकडं न्यायचं. मी त्या दिवशीच हे म्हणणार होते." मी म्हणालो, मग म्हणाली का नाहीस? ती म्हणाली, "तुम्ही उदाहरणं देत होता."

डॉक्टरीणबाई लेकीला एकटीला आत घेऊन बराच वेळ बोलल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, हा आजार आहे, याला औषध आहे, पुष्कळजणींना होतो, कुणी सांगत नाही. झोप, मोकळी हवा, आणि बाळासाठी आणखी हात. एकटं ठेवायचं नाही, पण कोंडायचंही नाही. आत्या बाळीला मांडीवर घेऊन ऐकत होती. एका शब्दानं मध्ये बोलली नाही.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये लेक आणि बायको मागं पेंगत होत्या. पुढं मी आणि आत्या. आत्या रस्त्याकडं बघत म्हणाली, "आमच्या टायमाला ह्याला भाईरचं म्हनायचे. भगताला बलवायचे."

मी हूं म्हणालो.

"तू त्या वैनीची गोष्ट सांगतूस न्हव? रुसून गेलेलीची?"

सांगतो म्हणजे काय, ती माझी हुकमी गोष्ट. माझी थोरली चुलती. माझ्या जन्माआधीची. बाळंतपणात डिंकाच्या लाडवात गूळ कमी पडला म्हणून रुसली, तान्हं बाळ टाकून माहेरी गेली ती परत आलीच नाही. चुलता समजूत घालायला गेला तर सासऱ्यानं त्याच्या अंगावर बैल सोडला. बैल माझा, तो मी नंतर घातला. पण बाकी मी जशी ऐकली तशीच. प्रत्येक लग्नात लोक ती मागून घेतात आणि बैलाशी आले की हसून पडतात.

"ती म्हायेरी गेली न्हाय," आत्या म्हणाली. "हिरीवर गेली. पानी पुजायच्या आदीच."

"म्या ल्हान हुते. मला दारात बसवलं हुतं, तिच्यावर ध्यान ठिव म्हनून. म्या आंगनात चिंचोके खेळाया लागले. परत येऊन बघितलं तर बाज रिकामी." बाळी कुरकुरली, तिला आत्यानं छातीशी घेतलं. "कानाला बांधती, इस्तव ठिवती, समदं खरं हाय. पन दार म्या वाऱ्यासाठी लावत न्हाय, लेकरा."

मी तिच्याकडं बघू शकलो नाही. माझ्या बैलावर लोक हसायचे तेव्हा ती प्रत्येक वेळी तिथं बसलेली असायची. पदर डोक्यावर ओढून. मला वाटायचं तीही हसतीय.

तेव्हापासून तो सिनेमा मला सोडत नाही. त्या दोघी सुटल्या की नाही हे माहीत नाही म्हणून नव्हे. ती म्हातारी सूपाचा वाडगा घेऊन जिना चढताना दिसते, आणि मला वाटतं, तिचं काय झालं होतं? तिच्या घरातून कोण निघून गेलं होतं म्हणून ती दाराला कडी घालत होती? ते सुरुवातीच्या भागात असेल. मी बघितला नाही.

लेकीला बरं वाटायला पावसाळा लागला. एकदम काही झालं नाही. एकदा ती बाळीला न्हाऊ घालताना बडबडत होती म्हणून बायकोनं मला खुणेनं बोलावलं, आणि मी दाराआड उभा राहून ऐकलं. ती बाळीला माझी नक्कल करून दाखवत होती. काही दिवस पुन्हा वाईट गेले. पुन्हा औषध, पुन्हा अंगण. मग जावई येऊन दोघींना घेऊन गेला.

वर्षभरानं बाळीचं जावळ काढायला सगळे पुन्हा आमच्या घरी जमले. जेवणं झाली, माणसं सतरंज्यांवर लवंडली, आणि माझी एक पुतणी, पोटुशी होती, उशीला टेकून म्हणाली, "काका, ती रुसलेल्या काकूची सांगा की. बैलाची."

आत्या कोपऱ्यात बसली होती. तिनं पदर ओढला. लेक माझ्यासमोर, बाळी तिच्या मांडीवर, ताजं गुळगुळीत टक्कल घेऊन. लेकीला जीपमधलं बोलणं माहीत नव्हतं. निदान मी तरी तिला सांगितलेलं नव्हतं. ती माझ्याकडं बघत होती.

मी सांगितली. गुळापासून सुरुवात केली नाही. म्हणालो, माझ्या चुलतीला मूल झालं आणि तिला काही वाटेनासं झालं. तिनं ते कुणाला सांगितलं असेल की नाही, मला माहीत नाही. सांगितलं असेल तर ऐकणाऱ्यानं हसण्यावारी नेलं असेल. घरातल्यांनी दार लावलं, आणि ती विहिरीवर गेली. बैल नव्हता. बैल मी घातला होता.

एवढं बोलून मी थांबलो. गोष्ट इतकी लहान असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. कुणीतरी पोराला पाण्याला पाठवलं. पुतणीचा हात पोटावर गेला होता, तो तिनं तिथंच ठेवला. मला वाटलं, जेवणावळीचा विचका केला मी.

मग लेक उठली. बाळीला कडेवर घेऊन आत्यापाशी जाऊन खेटून बसली.

"आज्जी," तिनं विचारलं, "दिसायला कशी होती ती?"

आत्यानं तिच्याकडं बघितलं. सगळ्यांकडं बघितलं. इतकी वर्षं हे कुणी विचारलंच नसावं.

"उंच हुती," ती म्हणाली. "तुझ्यावानी. हसायची लई. भाकरी थापाया बसली की आमा पोरींना म्होरं बसवून घ्यायची, आन पयली फुगलेली भाकरी मोडून एकेक घास आमच्या तोंडात घालायची. भाजायचं तोंड. पन आमी आ करूनच बसायचो."